जमिनीच्या पोटातील घरे

भर वैशाखात विहिरीत उतरावे तर गारवा लागतो आणि पौषातल्या पहाटे त्याच विहिरीचे पाणी कोमट लागते. पाणी तेच असते. बदलते ती वरची हवा. जमिनीच्या पोटात ऊन आणि थंडी फारशी पोहोचत नाही. याच गुणावर ऑस्ट्रेलियातील एका गावाने आपले संसार उभे केले आहेत.

कूबर पेडी हे ते गाव. ॲडलेड शहराच्या उत्तरेस सुमारे ८५० किलोमीटरवर, वाळवंटात. सोने शोधायला आलेल्या मंडळींपैकी विली हचिसन या चौदा वर्षांच्या मुलाला १९१५ साली येथे ओपल हे रत्न सापडले आणि खाणी सुरू झाल्या. पाऊस वर्षाला जेमतेम १५० मिलिमीटर, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर, बांधकामाला लाकूड नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना खंदकात राहण्याची सवय होती. माणसे टेकडीच्या कुशीत खोल्या कोरून राहू लागली.

तेथील खडक कोरायला मऊ, पण आधाराशिवाय टिकणारा. दार टेकडीच्या पायथ्याशी, खोल्या आत. स्वयंपाकघर व न्हाणीघर बहुधा दाराजवळ, म्हणजे धूर आणि ओल बाहेर जाते. आतल्या खोल्यांना हवा यावी म्हणून छतातून टेकडीच्या माथ्यापर्यंत धुराड्यासारखे भोक पाडतात. बाहेर काहीही असो, आत बारा महिने सुमारे २३ ते २५ अंश! संसार वाढला की आणखी एक खोली कोरायची. देवाची प्रार्थनाघरेही जमिनीखालीच आहेत.

मग आपणही घरे कोरावीत काय? मुळीच नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पाणी पाझरते ते वेगळेच. जाड मातीची माळवदे गार असत हे खरे. पण १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड घरांनीच माणसे गाडली, हेही विसरता येत नाही.

घेण्याजोगे तत्त्व एवढेच, की ऊन आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी आड हवे. घराच्या पत्र्याला उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात द्या. गोठ्याच्या पत्र्यावर पाचटाचा थर पसरा. मात्र चूल व विडी दूर ठेवा. पश्चिमेला दोन कडुनिंब लावा. पत्र्याखाली भाजणारी म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि दुभती जनावरे तुम्हाला दुवा देतील.