चढे दर, बंद वखारी
जळगाव व धुळे हे मुलूख ज्या अखंड खानदेश जिल्ह्यात १९०६ पर्यंत एकत्र होते, त्याने १८९६ व १८९९ चे दुष्काळ सोसले, तेव्हा धान्याच्या व्यापारात हस्तक्षेप करू नये, भाव चढताच माल आपोआप येतो, असे सरकारी धोरण होते. हा सिद्धान्त सर्वस्वी असत्य नसला, तरी मजुरी बुडालेल्या माणसाला तो माल घेता येत नाही, आणि साठेबाजाचा अपराध नेमका याच असहायतेवर पोसला जातो. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू अधिनियमाने साठ्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारला दिला; त्याखालील आदेश मोडल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. करोनाच्या साथीत, मार्च ते जून २०२० या काळात, मुखपट्ट्या व सॅनिटायझरही त्याच्या कक्षेत होते. अवाजवी दर मागितल्यास पावती घ्यावी आणि तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार गुदरावी.