दरवर्षी नंबर बदलतोय? कॉर्नियाचा नकाशा काढून घ्या

जळगाव-धुळ्याकडे ऊन आणि धूळ वाढली की घरातली मुलं डोळे चोळू लागतात. अम्मी रागावते, अब्बा थेंब आणून देतात आणि आपण ते विसरतो. पण त्याच मुलाचा सिलिंडर नंबर वारंवार वाढत असेल, नव्या चष्म्यानेही अक्षरं दुहेरी दिसत असतील, तर दुकानात नवी काच बसवून भागणार नाही.

बुबुळावरचा काचेसारखा पापुद्रा म्हणजे कॉर्निया. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. केराटोकोनस या आजारात तो पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. हा आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो, डोळे चोळल्याने वाढतो आणि सुरुवातीला आरशात पाहून कळत नाही.

तो कळतो टोपोग्राफी नावाच्या स्कॅनने. हनुवटी टेकवून समोरच्या वर्तुळांकडे काही सेकंद पाहायचं. सुई नाही, दुखणं नाही. कॉर्निया आरशासारखं त्या वर्तुळांचं प्रतिबिंब दाखवतो आणि संगणक त्यावरून रंगीत नकाशा काढतो. लाल रंग जास्त बाकाचा, निळा कमी. पेंटाकॅमसारखं यंत्र जाडी आणि मागची बाजूही मोजतं. वक्र आरशातून प्रकाश कसा परततो, याचा अभ्यास इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाझिर’मध्ये मांडला होता.

आजार लवकर सापडला तर क्रॉस-लिंकिंग करता येतं. बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकून अतिनील प्रकाश देतात; कॉर्निया घट्ट होतो आणि आजार बहुतेकदा तिथेच थांबतो. गेलेली नजर मात्र पुरती परत येईलच असं नाही. फार उशीर झाला तर कॉर्निया बदलण्याची वेळ येते.

लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलीचा चष्मा लेसरने उतरवण्याची घाई आपल्याकडे होते. आधी हा नकाशा पाहाच. कॉर्निया मुळात कमजोर असेल तर लेसरने तो आणखी कमजोर होतो. चष्मा लपवण्यापायी नजर गमावू नये.

धुळ्याचं भाऊसाहेब हिरे किंवा जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथल्या नेत्र विभागात आधी डोळे दाखवा आणि हा स्कॅन कुठे होईल ते विचारा. जुन्या नंबरांचे कागद सोबत न्या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर किती दिवस आधी काढायची, हेही विचारून घ्या. पहिला रिपोर्ट जपून ठेवा. आजार वाढतोय की थांबलाय, हे पुढच्या नकाशाशी ताडूनच कळतं. एका मुलाला हा आजार निघाला, तर त्याच्या भावंडांनाही दाखवून आणा.