मुंबई जमिनीखाली, मुंबई पाण्यावर!

मुंबईत जागा नाही, हे वाक्य प्रत्येक मुंबईकर लहानपणापासून ऐकत आलाय. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटरची पहिली आगगाडी निघाली, तेव्हा रूळ टाकायला मोकळी जमीन होती. आता ती नाही. म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांत शहरानं नव्या वाटा शोधल्या: रस्त्याखालून, डोंगराच्या पोटातून आणि थेट समुद्रावरून. त्या वाटांवरही आधीपासून कुणी ना कुणी होतंच. माणसं, नद्या, पक्षी, मासे. या सगळ्यांशी जुळवून घेताना जे घडलं, ते पुलांच्या लांबी-रुंदीपेक्षा कितीतरी रंजक आहे.

नद्यांनी खोदलेली मेट्रो
आरे ते कफ परेड ही मेट्रो ३, म्हणजेच ॲक्वा लाइन, मुंबईची पहिली भुयारी मेट्रो. लांबी ३३.५ किलोमीटर, स्थानकं २७, आणि त्यातलं एकटं आरे जमिनीवर. मुंबईचा काळा कातळ फोडायला बोगदे खोदणारी १७ टीबीएम यंत्रं कामाला लागली. त्यांना नावं मिळाली महाराष्ट्रातल्या नद्यांची: कृष्णा, गोदावरी, वैनगंगा, तापी, सूर्या, वैतरणा, तानसा. यातल्या वैतरणा आणि तानसाचं पाणी तर मुंबईकर रोज पितो! गंमत म्हणजे याच मार्गाचे बोगदे धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या (बीकेसी) दरम्यान मिठी नदीच्या पात्राखालून जातात.

गिरगावची चिंचोळी गल्ली
गिरगाव आणि काळबादेवीत स्थानकासाठी भलामोठा खड्डा खणायला जागाच नव्हती. मग तिथे वरून सगळं उघडं न करता आतल्या आत खोदत जाण्याची पद्धत वापरली. तरीही काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. तिथल्या कुटुंबांना त्याच परिसरात नवी घरं द्यायची, असं ठरलं आहे. गिरगावकराला गिरगावातच घर मिळणं ही या प्रकल्पाची खरी परीक्षा आहे.

तिकिटाच्या पैशात इतिहास
मेट्रो ३ च्या पाट्या नीट वाचा. ‘जगन्नाथ शंकरशेठ मुंबई सेंट्रल’ हे नाव ज्या नाना शंकरशेठांचं आहे, ते १८५३ ची पहिली गाडी चालवणाऱ्या जीआयपी रेल्वेच्या पहिल्या संचालकांपैकी एक होते आणि त्या गाडीत बसलेही होते. पुढे ‘हुतात्मा चौक’ संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांची आठवण करून देतो. आणि ज्यांच्या ‘मराठा’ दैनिकानं त्याच चळवळीत रान पेटवलं, ते वरळी नाक्यावर भेटतात: ‘आचार्य अत्रे चौक’.

मलबार हिलखाली मावळा
समुद्रकाठच्या कोस्टल रोडचे जुळे बोगदे खोदणाऱ्या यंत्राचं नाव ‘मावळा’. व्यास १२.१९ मीटर, म्हणजे साधारण चार मजली इमारतीची उंची. गिरगाव चौपाटी आणि मलबार हिलखालून त्यानं प्रत्येकी २.०७ किलोमीटरचे दोन बोगदे खोदले. वर श्रीमंतांचे बंगले जागच्या जागी, खाली मोटारी सुसाट.

फ्लेमिंगोंचा मान
१२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटर लांब आहे आणि त्यातले १६.५ किलोमीटर पाण्यावर आहेत. देशातला हा सर्वांत लांब सागरी पूल शिवडीला सुरू होतो, आणि शिवडीची खाजणं म्हणजे फ्लेमिंगोंचं हक्काचं माहेर. त्यांना त्रास होऊ नये म्हणून त्या पट्ट्यात आवाज अडवणाऱ्या भिंती बसवल्या आहेत. पुलावर रिक्षा आणि दुचाकींना मात्र प्रवेश नाही. ज्यांच्याकडे मोटार नाही अशांसाठी इथे बसगाड्या भरपूर धावायला हव्यात.

खाडीखालून बुलेट ट्रेन
मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरचा, त्यातलं भुयारी स्थानक एकच: बीकेसी. तिथून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा होतोय आणि त्यातला ७ किलोमीटरचा भाग ठाणे खाडीखाली आहे. देशातला हा पहिला समुद्राखालचा रेल्वे बोगदा. वरच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिवरं आणि फ्लेमिंगो वर राहावेत म्हणून गाडी खाली गेली.

बिबट्यांच्या पायाखाली रस्ता
ठाणे-बोरिवली जोडरस्ता ११.८ किलोमीटरचा, त्यात दहा किलोमीटरहून जास्त लांबीचे जुळे बोगदे. ते जाणार संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून. काम पूर्ण झालं की घोडबंदरचा वळसा आणि तिथली रखडपट्टी टळेल, आणि वर बिबट्यांचं जंगल राहील.

कमळ, डोंगर आणि साडेबारा टक्के
८ ऑक्टोबर २०२५ हा दिवस लक्षात ठेवण्याजोगा. मेट्रो ३ चा शेवटचा टप्पा आणि नवी मुंबई विमानतळ, दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी झालं. विमानं उडायला लागली २५ डिसेंबरला. टर्मिनलची रचना कमळावरून सुचलेली, आराखडा झाहा हदीद आर्किटेक्ट्सचा. धावपट्टीसाठी उलव्याचा डोंगर सपाट केला, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावं हलवली. इथल्या भूमिपुत्रांसाठी दि. बा. पाटलांनी १९८४ मध्ये उभारलेल्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. आजही जमीन संपादनाची गोष्ट निघाली की या योजनेचा दाखला दिला जातो.

डबलडेकर परत आली
जमिनीवर जागा नसेल तर वर चढायचं, ही युक्ती तशी जुनीच: मुंबईत डबलडेकर बस आली १९३७ मध्ये. डिझेलवरची शेवटची गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत बेस्टनं वातानुकूलित इलेक्ट्रिक डबलडेकर रस्त्यावर आणली होती. पहिला मान अर्थातच वरच्या मजल्यावरच्या पुढच्या सीटला!

कोळ्यांचे १२० मीटर
या यादीतला माझा सर्वांत लाडका आकडा हा आहे. कोस्टल रोड वरळीला वांद्रे-वरळी सागरी सेतूशी जोडायचा होता. आराखड्यात पुलाच्या खांबांमधलं अंतर होतं ६० मीटर. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी काम अडवलं. भरती, वारा, लाटा अशा वेळी एवढ्या फटीतून होडी नेणं म्हणजे जिवाशी खेळ, हे त्यांचं म्हणणं. पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात वावरलेल्यांचं ते ज्ञान होतं. बराच काळ वाद चालला आणि अखेर होड्यांच्या वाटेवरचं अंतर १२० मीटर झालं. मग लांब पल्ल्यासाठी धनुष्याकृती गर्डर आले. त्यातला पहिला १३६ मीटर लांब, सुमारे २००० टनांचा, एप्रिल २०२४ मध्ये भर समुद्रात बसवला. आज तिथून मोटारीही जातात आणि होड्याही.

पूल किती लांब यापेक्षा तो किती जणांच्या उपयोगाचा, हेच खरं मोजमाप. म्हणून दोन गोष्टी नक्की करा. या सुट्टीत घरच्यांना घेऊन मेट्रो ३ नं हुतात्मा चौकाला उतरा आणि मुलांना त्या नावामागची गोष्ट सांगा. आणि तुमच्या भागात नवा पूल, मेट्रो किंवा रस्ता येणार असेल, तर हरकती-सूचनांची मुदत संपण्याआधी आपलं म्हणणं लेखी द्या. वरळीचा आराखडा बदलला तो कोळ्यांनी आग्रह धरला म्हणूनच.