घर घेताना वकील कोणाचा?

श्रोतेहो, आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. खेड्यापाड्यांतून बदल्या होण्यात त्यांची उमर गेली. निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी तालुक्याच्या गावी एक बैठे घर पाहिले. परसात विहीर, शेजार चांगला, शाळा जवळ. थोडी रक्कम फंडातली आणि बाकीची बँकेच्या कर्जाची, असा बेत ठरला. मी सहज विचारले, "गुरुजी, कागद कोणी पाहिले?" ते म्हणाले, "अहो, बँकेच्या वकिलाने पाहिलेत की! बँक काय उगीच पैसे देते? मग मी आणखी एक वकील कशाला करू?"

दीड वर्षाने कोर्टाचा समन्स घरी आला. घर विकणारे दोघे भाऊ होते. वडील वारल्यावर मिळकत पत्रिकेवर त्या दोघांचीच नावे लागली होती. त्यांना एक बहीण आहे, ती दूर दिलेली आहे, हे वारसाची नोंद करताना कोणी सांगितले नाही आणि खरेदीच्या वेळी कोणी विचारलेही नाही. आता बहिणीने आपला हिस्सा मागितला. गुरुजी बँकेत गेले. साहेबांनी चहा दिला आणि म्हणाले, "दाव्याचे तुम्ही पाहा, पण हप्ता चुकवू नका."

आता यात बँकेच्या वकिलाचे चुकले काय? चुकले खरेच. पण त्याहून मोठी चूक गुरुजींच्या समजुतीत होती. तो वकील आपला आहे असे ते धरून चालले होते.

प्रत्येक बँकेकडे वकिलांची एक यादी असते. तिला पॅनेल म्हणतात. कर्जाचा अर्ज आला की बँक त्या यादीतल्या एका वकिलाकडे कागद पाठवते. तो सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतील नोंदी पाहातो, उतारे वाचतो आणि अहवाल देतो. त्यालाच सर्च रिपोर्ट म्हणतात. त्याची फी बहुधा आपल्याच खिशातून जाते. पण अहवालावर नाव बँकेचे असते, आणि बँक विचारते ती गोष्ट एकच: हे तारण घेऊन आमचे पैसे सुरक्षित राहतील का? विहिरीच्या पाण्यावर शेजाऱ्याचा हक्क आहे का, जायच्या वाटेवरून भांडण आहे का, ताबा रिकामा मिळेल का, या तुमच्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी त्याला नेमलेले नसते. किमतीच्या मानाने कर्ज थोडे असेल तर बँक निर्धास्तच असते. शिवाय वसुलीसाठी तुमचा पगार आणि तुमचा जामीनदारही तिच्या हाती असतो.

इंग्लंडात ही पद्धत थोडी वेगळी आहे. तेथे घर घेणाराचा सॉलिसिटर त्या कर्ज देणाऱ्या संस्थेच्या यादीवर असला, तर पुष्कळदा तोच दोघांचेही काम पाहातो. म्हणून तिकडे राहणारी आपली मंडळी आधी विचारतात, "तुम्ही अमक्या बँकेच्या पॅनेलवर आहात का?" तेथे हा प्रश्न बरोबर आहे, कारण तो वकील घर घेणारालाही बांधलेला असतो. आपल्याकडे मात्र तसे धरून चालता येत नाही.

बरे, पॅनेलच्या वकिलाचे चुकले तर त्याला जबाबदार धरता येते का? २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच एका पॅनेलवरील वकिलाचे प्रकरण आले होते. न्यायालयाने म्हटले की, केवळ अभिप्राय चुकला म्हणून वकिलाला फौजदारी गुन्ह्यात गोवता येणार नाही, कटात सामील असल्याचा पुरावा हवा. हलगर्जीपणा असेल तर ती बाब वेगळी. आणि १४ मे २०२४ रोजी त्याच न्यायालयाने ठरवले की, वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. म्हणजे ग्राहक मंचाचा सोपा दरवाजा बंद. उरली ती बार कौन्सिलकडची तक्रार किंवा दिवाणी कोर्ट. तेव्हा पाहायचे ते आधी पाहा.

हे दुखणे एका गुरुजींचेच नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले की, घराण्यातील एकाने वाटणी झालेली नसताना जमिनीचा तुकडा विकला, विकत घेणाऱ्याने तो बँकेकडे गहाण टाकला, आणि मग घरातली बाई हक्क मागायला उभी राहिली. न्यायालयाने बँकांना अपुऱ्या सर्च रिपोर्टांबद्दल सावध केले आणि अशा अहवालांसाठी एक ठरलेली, व्यवहार्य पद्धत असावी असे सुचवले.

आता सर्च म्हणजे काय ते पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याप्रमाणे शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत विकायची तर दस्त नोंदलेलाच पाहिजे. ते दस्त सब-रजिस्ट्रारच्या पुस्तकात जातात आणि मिळकतीप्रमाणे त्यांची सूची नंबर २ तयार होते. फी भरली की ती कोणालाही पाहाता येते. साधारणपणे तीस वर्षांचा शोध घेतात. तीसच का? गहाण सोडवून घेण्याची मुदत तीस वर्षांची आहे, हे त्याचे एक कारण. म्हणून "तेरा वर्षांचा सर्च पुरे" असे कोणी म्हणाले तर मान हलवू नका. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत पाहिले ते फीच्या पावतीवर असते. ती पावती मागून घ्या.

पण मंडळी, सूचीत सारेच दिसत नाही, बरं का! वारसाहक्क हा दस्ताने येत नाही, मृत्यूने येतो. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत तो २००५ च्या दुरुस्तीने जन्मापासूनच मिळाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. सातबारावर किंवा पत्रिकेवर बहिणीचे नाव नाही म्हणून तिचा हक्क गेला असे होत नाही. उतारा ही सरकारदप्तरची नोंद. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात, इतकेच. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ तर घरपट्टीसाठी असतो. त्याने मालकी ठरत नाही. आणि सब-रजिस्ट्रारसाहेब दस्त नोंदतात, मालकीचा निवाडा करीत नाहीत.

म्हणून वकील निवडताना मी तरी त्याच्या फीपेक्षा त्याच्या प्रश्नांकडे पाहीन. जो वकील उतारा हातात घेतल्याबरोबर "मूळ मालक कधी वारले? मुले किती, मुली किती? बहिणींचे हक्कसोडपत्र नोंदलेले आहे का?" असे विचारतो, तो कामाचा. जो जुने फेरफार मागवतो, जमीन भोगवटादार वर्ग २ ची, कुळकायद्याची किंवा आदिवासी खातेदाराची तर नाही ना हे पाहातो, इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे का ते वाचतो, आणि विकणारा मुखत्यार असेल तर मुखत्यारपत्र तपासतो, तोही कामाचा. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे २०११ सालीच न्यायालयाने स्पष्ट केले आहे. त्याच तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामे करणारा वकील असेल तर उत्तम, कारण कोणत्या घराण्यात कोणता दावा चालू आहे हे त्याच्या कानावर असते. विकणाराचा वकील घेऊ नका, दलालाने आणलेला तर नकोच. त्याची सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची आहे ना, हे विचारायला संकोच कसला?

तो बँकेच्या पॅनेलवर असला तर वाईट नाही. उलट बँकेला काय लागते ते त्याला ठाऊक असते. मात्र तुमच्यासाठी वेगळा, तुमच्या नावाचा लेखी अभिप्राय द्याल का, असे त्याला आधीच विचारा. ज्या बँकेचे कर्ज घेता तिच्याच कामावर तो असेल, तर वाद झाल्यास तो तुमच्या बाजूने उभा राहील का, हेही विचारा. बँकेच्या अहवालाची नक्कल लेखी अर्ज करून मागा. देतीलच असे नाही, पण मागितल्याने तुमचे काही जात नाही.

आणि हे सगळे इसार देण्यापूर्वी. आपल्याकडे उलटे होते. आधी चार लोकांसमक्ष इसाराचे पैसे द्यायचे, पेढे वाटायचे आणि मग कागद शोधायचे. थोडी रक्कम द्यावीच लागली, तर इसारपावतीत लिहून घ्या की, मालकी निर्वेध न निघाल्यास किंवा बँकेने कर्ज नाकारल्यास रक्कम परत मिळेल. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावा. पंधरा दिवसांत कोणी हरकतदार निघाला तर आताच निघू दे! मिळकत आधीच कोठे तारण आहे का, ते सेरसाय नावाच्या केंद्रीय नोंदणीत फी भरून पाहाता येते. ही नोंदणी २०११ पासून सुरू आहे.

गुरुजींचा दावा अजून चालू आहे. बहिणीशी तडजोडीचे बोलणे निघाले आहे आणि त्यासाठी लागणारी रक्कम गुरुजींनाच उभी करायची आहे. तिकडे भावांनी पैसे केव्हाच वाटून घेतले. यावेळी गुरुजींनी वकील स्वतः शोधला. तडजोडीचे पैसे देताना बहिणीकडून हक्कसोडपत्र नोंदवूनच घ्यायचे, साध्या स्टॅम्पावरचे लिहिणे चालणार नाही, हे त्यानेच त्यांना बजावले आहे.

कर्ज फिटल्यावरचीही एक गोष्ट सांगतो. मूळ कागद बँकेकडे असतात. रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ठरवून दिले आहे की, कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांच्या आत ते परत द्यावेत, आणि बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास कर्जदाराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी. कागद हाती आले की बोजा कमी झाल्याचे बँकेचे पत्र घेऊन तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कचेरीत जा, आणि बोजा उतरलेला नवा उतारा हातात पडेपर्यंत खेप घालायचे सोडू नका.