प्रेशर कुकर : घेताना काय पाहावे, वापरताना काय पाळावे

कापडाच्या धंद्यात आम्हाला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. ताग्याला हात लावला की सूत कसले, वीण कशी आणि खळ किती दिली आहे, हे आम्ही सांगू शकतो. पण खरे सांगायचे तर घरातला कुकर घेताना आम्ही एवढी पारख कधीच केली नव्हती. चकाकणारे भांडे, कमी भाव आणि ओळखीचा दुकानदार, एवढे जुळले की खरेदी पूर्ण! आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी पुष्कळांची रीत हीच आहे. मुलीच्या लग्नातल्या भांड्यांत कुकर असतोच, आणि तो बहुधा स्वस्तातला पाहून घेतला जातो.

१९९८ सालची गोष्ट आहे. आमच्या घरच्या कुकरमधले पाणी आटले आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून गेला. दुरुस्तीवाल्याने त्या भोकात नट-बोल्ट घट्ट आवळून दिला. "आता कधी गळणार नाही," असे तो म्हणाला आणि चार पैसे वाचले म्हणून आम्हीही खूश झालो. पुढे काही दिवसांनी हरभरे शिजताना एक साल वाफेच्या नळीत अडकली. वाफेला बाहेर पडायला वाट उरली नाही. झाकण उडून छताला लागले आणि उकळते पाणी चारी भिंतींवर उडाले. घरातली मंडळी त्या क्षणी अंगणात होती, म्हणून अल्लाहच्या कृपेने कोणाला इजा झाली नाही. त्या दिवशी कळले की कुकर हे केवळ भांडे नाही, ते एक यंत्र आहे.

कुकरमध्ये अन्न लवकर का शिजते?

उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंश सेल्सिअसला उकळते. खाली कितीही जाळ केला तरी पाणी त्याहून गरम होत नाही, फक्त वाफ अधिक निघते. हवेचा दाब कमी असेल तर पाणी त्याआधीच उकळते. महाबळेश्वरसारख्या सुमारे साडेचार हजार फूट उंचीच्या ठिकाणी ते ९५-९६ अंशांवरच उकळते आणि म्हणून तिथे उघड्यावर डाळ शिजायला वेळ लागतो. कुकर याच्या उलट काम करतो. वाफ कोंडल्यामुळे आतला दाब हवेच्या दाबापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जाते. या वीस अंशांमुळेच तासाचे काम पंधरा-वीस मिनिटांत होते.

ही युक्ती दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाची. १६७९ साली त्याने लंडनमध्ये असे भांडे दाखवले. त्यात हाडेसुद्धा मऊ होत असत. वाफेच्या जोराने भांडे फुटू नये म्हणून जादा वाफ सोडणारी सुरक्षा झडपही त्यानेच बसवली. म्हणजे ज्याने कुकर काढला त्यालाही झडपेवाचून तो चालवणे धोक्याचे वाटले होते. आम्ही मात्र तीच झडप बोल्ट लावून बंद केली!

घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट आयएसआय चिन्ह. घरगुती कुकरसाठी 'आयएस २३४७' हे मानक आहे आणि फेब्रुवारी २०२१ पासून हे चिन्ह सक्तीचे झाले आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसते चिन्ह तर कोणीही उमटवू शकतो. म्हणून तो परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तपासून घ्यावा.

दुसरी गोष्ट माप. दोन-तीन माणसांना ३ लिटर आणि चार ते सहा माणसांना ५ लिटर पुरतो. आपल्याकडे घरे मोठी असतात म्हणून एकदम दहा लिटरचा कुकर घेतला जातो आणि मग मूठभर डाळीसाठीही तोच चुलीवर चढतो. त्यापेक्षा रोजच्यासाठी एक लहान व पाहुण्यांसाठी एक मोठा, असे दोन ठेवणे परवडते.

तिसरी गोष्ट धातू. ॲल्युमिनियमचा कुकर हलका, स्वस्त आणि लवकर तापणारा असतो. पण चिंच-टोमॅटोचे आंबट कालवण त्यात ठेवून देऊ नये. स्टीलला आंबटाचे भय नाही, तो टिकतोही जास्त, मात्र त्याचा तळ जाड असावा, नाहीतर अन्न तळाला लागते. इंडक्शनची शेगडी असेल तर तळाला लोहचुंबक चिकटतो का, हे दुकानातच पाहावे.

चौथी गोष्ट झाकण. आतून बसणारे झाकण वाफेच्या दाबानेच घट्ट दाबले जाते. दाब उतरेपर्यंत ते उघडता येत नाही. बाहेरून बसणारे झाकण लावायला आणि भांडे धुवायला सोपे असते, पण दाब असताना ते जबरीने फिरवण्याचा मोह होतो. घरात उतावळे हात असतील तर आतले झाकण बरे.

वापरताना काय पाळावे?

कुकर कधीही दोन-तृतीयांशाहून जास्त भरू नये. डाळ, तांदूळ आणि कडधान्ये फुगतात व फेसाळतात, म्हणून ती निम्म्यापर्यंतच भरावीत. डाळीत चमचाभर तेल घातले की फेस कमी येतो. निदान दोन वाट्या पाणी असल्याशिवाय कुकर चुलीवर ठेवू नये.

झाकण लावण्यापूर्वी ते उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसते का, ते रोज पाहावे. हे काम दोन सेकंदांचे आहे. आमच्या घरी ते झाले असते तर छताला खड्डा पडला नसता. नळीतून वाफेची सरळ धार आली की मग शिट्टी ठेवावी.

शिट्ट्या मोजण्याची सवय सोडलेली बरी. मोठ्या जाळावर कुकर वारंवार शिट्ट्या देतो, त्यात गॅस आणि पाणी दोन्ही वाया जाते. जाळ वाढवला म्हणून आतले तापमान वाढत नाही, कारण जादा वाफ शिट्टीवाटे निघून जाते. पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी आणि घड्याळ पाहावे. रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्याला साधारण पंधरा-वीस मिनिटे, मटणालाही जवळपास तेवढीच पुरतात. जून मटणाला अर्थात जास्त लागतात. पायाला मात्र पाऊण ते एक तास धरावा आणि त्यासाठी पाणी सढळ घालावे.

गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्यावा. शिट्टी उचलल्यावर वाफ येत नाही, याची खात्री झाल्यावरच झाकण उघडावे.

रबर कडक झाले, तडकले किंवा कडेने वाफ येऊ लागली की लगेच बदलावे. सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला म्हणजे कुकर बिघडला, असे नव्हे. व्हॉल्व्हने आपले काम चोख केले आणि घर वाचवले. त्या जागी त्याच कंपनीचा अस्सल व्हॉल्व्ह बसवावा. कुकरच्या किमतीपुढे त्याची किंमत अगदी किरकोळ असते. बोल्ट, रिव्हेट किंवा डाग देऊन भोक बुजवणे म्हणजे घरात बाँब ठेवणे होय.

दुकानदार बांधवांना दोन शब्द

आपल्यापैकी अनेकजण भांड्यांचा, सुट्या भागांचा किंवा दुरुस्तीचा धंदा करतात. चिन्हावाचूनचा कुकर विकणे आता कायद्याविरुद्ध आहे. असे कुकर आपल्या मंचावर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांनाही प्रत्येकी १ लाख रुपये दंड ठोठावला आणि ग्राहकांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला.

पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब साधा आहे. कच्च्या रंगाचे कापड विकले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येते, आपण ते बदलून देतो आणि प्रकरण मिटते. खोटा व्हॉल्व्ह विकला तर भाजलेला हात बदलून देता येत नाही. त्या दुरुस्तीवाल्याने आम्हाला फसवले नव्हते. आम्हाला स्वस्त हवे होते आणि त्याने स्वस्त दिले. एखादे गिऱ्हाईक "राहू दे, बोल्टच लावून द्या" असे म्हणाले तर त्याला नाही म्हणावे. तो एक नकार कदाचित एका घराचा जीव वाचवील.