मुळामुठेचा मासा कावेरीत

परका मासा कोणता, असं वर्गात विचारलं की मुलं लगेच चिलापी आणि आफ्रिकी मांगूर ही नावं घेतात. बरोबरच आहे. चिलापी म्हणजे तिलापिया १९५२ मध्ये भारतात आला. अंडी-पिल्लं तोंडात सांभाळतो, म्हणून त्याची संख्या झपाट्यानं वाढते. मांगूर तर खादाड शिकारी. मी मात्र प्राणिशास्त्र शिकवताना तिसरं नाव मुद्दाम घेते: महासीर, आणि तोही आपल्या मुळामुठेतला.

निळसर परांच्या या माशाचं वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या नमुन्यांवरून केलं. ‘टॉर खुद्री’ हे त्याचं शास्त्रीय नाव. पुढे धरणं आणि मासे मारण्यासाठीचे जिलेटिनचे स्फोट यांमुळे महासीर घटू लागला, तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीनं १९७०च्या दशकात त्याची पैदास हाती घेतली. मादीचं पोट हलक्या हातानं दाबून अंडी काढायची, त्यात नराचं शुक्रद्रव्य मिसळायचं, मग ती वाहत्या स्वच्छ पाण्यात उबवायची. फार निगुतीचं काम, आणि त्याबद्दल मला आदरच आहे. तिथली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, दूरदूरच्या नद्यांत गेली. कावेरीतही गेली.

पण कावेरीला स्वतःचा महासीर होता! पाठीला कुबडासारखा उंचवटा, नारिंगी पर आणि देह अवाढव्य. १९४६ मध्ये कावेरीला मिळणाऱ्या काबिनी नदीत गळाला लागलेला एक मासा १२० पौंडांचा भरला होता. कावेरीकाठी हौशी गळवाले मासा पकडून, वजन करून पुन्हा सोडत. त्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या अभ्यासकांनी तपासल्या. निळ्या परांचे मासे वाढत गेले होते, कुबडवाले कमी होत चालले होते. वाळूउपसा, धरणं, स्फोट हे घाव होतेच. त्यात जागा आणि अन्न यांसाठी आपला खुद्री वाटेकरी झाला.

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की, महासीर वाचवायचा म्हणून बोटुकली सोडताना ‘कोणता महासीर?’ हे कुणी पाहिलंच नाही. परका म्हणजे परदेशीच, ही आपली समजूत. माशाला देशाची सीमा कळत नाही, त्याचं घर म्हणजे त्याचं खोरं. मुळामुठेचा, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातला मासा कावेरीत पाहुणाच.

कुबडवाल्याची शास्त्रीय ओळखही २०१८ मध्येच पक्की झाली. कावेरीच्या खोऱ्यातल्या मोयार नदीतल्या नमुन्यांवरून कळलं की, त्याच खोऱ्यातल्या केरळच्या पांबार नदीतून आधीच वर्णन झालेला ‘टॉर रेमादेवी’ तो हाच. जागतिक लाल यादीत आता तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरच्या जातींत मोडतो.