लिनलिथगोंचा नकार आणि फिलिप्स यांचे पत्र

१९०३ मध्ये लंडनच्या अमेरिकी वकिलातीत खासगी सचिव म्हणून रुजू झालेले विल्यम फिलिप्स पेकिंग, ब्रसेल्स, ओटावा, रोम असा प्रवास करून जानेवारी १९४३ मध्ये रूझवेल्ट यांचे वैयक्तिक प्रतिनिधी म्हणून दिल्लीत आले. १० फेब्रुवारीस पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण आरंभले. गांधीजींना भेटण्याची फिलिप्स यांची विनंती व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी नाकारली. मे महिन्यात रूझवेल्ट यांना धाडलेल्या गोपनीय पत्रात फिलिप्स यांनी भारताला युद्धोत्तर स्वातंत्र्याची निश्चित ग्वाही मिळावी, असे सुचवले. चर्चिल यांच्याशी बोलणे झाले, तेव्हा ते संतापले. जुलै १९४४ मध्ये पत्र फुटून वृत्तपत्रात आले. दूताने आपले काम चोख केले होते. युद्धकाळात ब्रिटनला दुखावण्याची तयारी मात्र वॉशिंग्टनपाशी नव्हती.